गेल्या नाताळचा डबा

माझी बायको रूथ दिवाळीच्या सुमारास गेली, म्हणून यंदाच्या नाताळला आमच्या घरी तळण नव्हतं. चर्चमधून परतलो आणि नातेवाइकांची रीघ लागली. जो तो फराळाचा डबा घेऊन फरीदाबादच्या आमच्या नव्या इमारतीचे जिने चढत होता. लिफ्ट अजून बसायची होती. माझा धाकटा मुलगा पाहुण्यांच्या पोरांबरोबर फुगे फोडत होता. शेवटी दिल्लीतल्या आर. के. पुरमहून माझी ताई आली. “गेल्या नाताळचा तुमचा डबा माझ्याकडेच राहिला होता,” ती म्हणाली. “रिकामा कसा परत करायचा? करंज्या भरल्यात.” नुकतीच वाचायला शिकलेली माझी मुलगी पुढे आली. झाकणावर कोरलेल्या नावावरून तिने बोट फिरवलं. “रू…थ. अच्छा, आईने पाठवलाय.” ताई पाणी प्यायला आत गेली. मुलीने डबा पोटाशी धरला. “बाबा, आईला परत देताना आपण यात काय भरायचं?”