लाल रेघ

पानगळ लागल्यापासून सासऱ्यांनी एकच ध्यास घेतला होता. जावयाला रबरी नावेत बसवायचं आणि प्रवाहाबरोबर वाहत, गळ टाकत दिवसभर खाली जायचं. पुलाच्या खांबावर त्यांनीच लाल रेघ मारली होती. पाणी तिच्या वर असलं की नाव घालायची नाही. नदीचं पाणी किती चढलंय ते फोनवर दिसतं म्हणे, म्हणून ते बघायचं काम जावयाकडे. आणि जावई दर रविवारी, बघायचे कष्टही न घेता, अंथरुणातूनच सांगायचा, "आजही चढलंय बाबा. रेघेच्या वर आहे."

"बरं झालं बघितलंत," सासरे म्हणायचे.

या रविवारीही तेच झालं. दुपारी बायको म्हणाली, "बाबा फोन उचलत नाहीत. जरा नदीवर बघून ये."

सासरे पुलाखाली गळाची काठी घेऊन उभे होते. शेजारी हवा भरलेली नाव, तिच्यात दोघांसाठी दोन उशा. पाणी संथ होतं, रेघेच्या चांगलं हातभर खाली. रेघेवर कोळीकिड्यानं ऐसपैस जाळं विणलं होतं आणि त्यात कधीची वाळकी पानं अडकली होती.

जावयाची नजर तिथंच खिळली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, मी..."

सासऱ्यांनी काठीच्या टोकानं ते जाळं हलकेच पुसून काढलं.

"आत्ताच उतरलं बघा जावईबापू," ते म्हणाले. "सकाळी तुम्ही म्हणालात तेवढंच होतं."