बोटीमागचे गळ

टेनेसीतल्या तळ्यावर बास मासे धरायच्या स्पर्धेत ओडेल आणि त्याची लेक कॅरलीन यांची जोडी पहिली आली. दुपारपर्यंत खोलातला एकही मासा लागला नव्हता, तेव्हा ओडेलने गळ पाण्यात सोडून चालू मोटरीच्या बोटीमागे ओढत नेले होते.

"डॅडी, गळ हातानेच फेकायचा असतो. हे नियमात नाही."

"कोण बघतंय इथे? गप बस."

तिला बापाची शिसारी आली.

बक्षिसाआधी जोडीतल्या एकाला खोटं पकडणाऱ्या यंत्रापुढे बसावं लागे. चिठ्ठी कॅरलीनची निघाली. बापाविरुद्ध बोलायला तिची जीभ रेटेना. यंत्रच काय ते सांगेल, असं म्हणत ती बसली.

"बोटीमागे गळ ओढलेत?"

"नाही."

परीक्षकाने पडद्याकडे पाहून मान डोलावली. "अभिनंदन! खरं बोललात."

बाहेर ओडेलने तिला कवटाळलं. "जराही चाचरली नाहीस! माझीच लेक शोभतेस!"

त्याला ढकलून ती धक्क्याच्या कडेला धावली आणि भडाभडा ओकली.

मागे ओडेल लोकांना सांगत होता, "फार आनंद झाला की पोरीचं असंच होतं."