पेल्याचा आवाज

त्या रविवारी देशपांडे नगरच्या घरात कुणाचा फोन चांगला यावरून दीपश्री आणि अप्पांची जुंपली होती. अप्पांच्या अँड्रॉइडवर ताटाएवढं घड्याळ, तिच्या आयफोनवर सगळं नीटनेटकं.

"तुझा मेसेज आला की हे वाजणार," अप्पा म्हणाले. स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवून त्यांनी तो आवाज भरून ठेवला होता. टण, टण. चार वाजता ते चहा असाच मागत. "आहे का तुझ्या महागड्या फोनात?"

"नाही हो. असला घरचा आवाज माझ्यात नाही."

"मग रोज चारला पाठव. चहा घेतला का, एवढंच."

ती हसली आणि तिने धारवाडची बस गाठली. गुरुवारी अप्पा गेले. तोवर तिने एकही मेसेज पाठवला नव्हता.

तेराव्यानंतर चार वाजता कपाटात टण, टण वाजलं. अप्पांचा फोन तिनेच बंद करून तिथे ठेवला होता. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा वाजलं.

तिसऱ्या दिवशी चारच्या आधीच तिने कपाट उघडलं. अप्पांचा फोन काळा, गार पडला होता.

टण, टण.

आवाज तिच्या हातातल्या आयफोनमधून आला. पडद्यावर कुणाचंच नाव नव्हतं.

"अप्पा," ती मोठ्याने म्हणाली, "चहा घेतलात का?"