ओले हात

"अगं, हात ओले कर आधी!" नामाकाऊ ओरडली, पण उशीर झाला होता.

तिच्या मुलाची, सितालीची, नवी बायको म्वांगाला ही मोंगू शहरातली, शिवणकामात वाढलेली. मासा निसटू नये म्हणून तिने कमरेच्या कापडाला दोन्ही हात खसाखसा पुसले होते आणि टोपलीतली न्जिंजी गच्च धरून वर उचलली होती. चांगली हातभर लांब मासळी, अंगावर तीन काळे ठिपके.

गुडघाभर पाण्यात रांगेने उभ्या असलेल्या अकरा बायकांनी एकच गलका केला. ऑक्टोबरचं ऊन. झांबेझी नदी लांब सरकलेली, आणि तिने मागे ठेवलेलं हे तळं आटत चाललेलं. सकाळपासून टोपल्या ढकलूनही कोणाला बोटभर मासळीपलीकडे काही लागलं नव्हतं. आणि हिला पहिल्याच दिवशी हे! नवी सून पहिला मासा सासूच्या हातात देते, सासू त्याचं डोकं खाते, मग सून घरची झाली. रिकाम्या टोपलीने परतली, तर वर्षभर टोमणे.

"शिंपिणीला बरं सापडतं," शेजारीण क्वालोम्बोता म्हणाली. "आम्ही काय चिखल तुडवायला आलोय?"

तेवढ्यात माशाने तोंड उघडलं. नाचणीच्या दाण्यांसारखं काहीतरी भळभळत टोपलीतल्या पाण्यात पडलं. दाण्यांना डोळे होते. दाणे पोहू लागले.

म्वांगाला टोपलीत डोकावली. "आई, हे काय?"

"पिल्लं. न्जिंजी ती तोंडात सांभाळते. तोवर स्वतः घास घेत नाही."

"मग? ती काय भाजायची आहेत?" क्वालोम्बोता म्हणाली. "सितालीची आई, डोकं तुझंच आहे. घे आणि चल. पाठ मोडली माझी."

चाळीस वर्षांपूर्वी नामाकाऊचा पहिला मासाही असाच होता. तिने तो काठावर गवतात ठेवला होता. पिल्लं गवतावर सांडली आणि ऊन चढेपर्यंत वळवळत राहिली. त्या दिवशी सगळ्या गावाने तिची वाहवा केली. सासूने डोकं चोखून चोखून खाल्लं. त्या गवताचं नामाकाऊने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आताही तिला वाटलं, सांगावं. पण मासा हिचा होता.

म्वांगालाने बायकांकडे पाहिलं. मग सासूकडे. मग ती वाकली, मासा टोपलीतल्या पाण्यात टेकवला आणि मुठी सैल सोडल्या.

त्यानंतर तिने विचारलं, "ती परत घेईल त्यांना?"

"घेईलही," नामाकाऊ म्हणाली. "पण कोणी हललं नाही तर."

कोणी हललं नाही. अकरा बायका बगळ्यांसारख्या उभ्या राहिल्या. गढूळ पाणी हळूहळू निवळलं. क्वालोम्बोताच्या पोटरीला जळू चिकटली. तिने डोळे घट्ट मिटले आणि शिवी ओठांतच ठेवली. मादी टोपलीच्या तळाशी पडून होती, नुसते कल्ले हलत होते. कोरड्या हातांनी धरलं तिथे तिची चकाकी पुसली गेली होती.

बराच वेळ काही झालं नाही.

"मेली वाटतं," मागून कोणीतरी पुटपुटलं.

"तोंड बंद!" क्वालोम्बोता डोळे न उघडताच म्हणाली.

मादीने तोंड उघडलं. पिल्लांचा ढग थरथरला, लांबला आणि झरझर आत शिरला. मागे दोन चुकार राहिली होती. तीही धावली.

म्वांगालाने टोपली कलती केली. शेपटीचा एक फटका, पाण्यात एक गढूळ रेघ, आणि संपलं.

परतीच्या वाटेवर नेहमीसारखी कोणी गाणी म्हटली नाहीत. रिकामी टोपली डोक्यावर घेऊन म्वांगाला सर्वांत मागे चालत होती. टेकाडावर, घराच्या सावलीत, नामाकाऊचा नवरा मुबिता जाळं सांधत बसला होता. आज सुनेचा मासा येणार म्हणून त्याने चूलही पेटवून ठेवली होती. टोपली पाहून तो हसला.

"का हो सूनबाई, निसटला वाटतं? किती मोठा होता, ते तरी ऐकू द्या."

म्वांगालाने मान खाली घातली. बायका नामाकाऊकडे पाहू लागल्या.

नामाकाऊने सुनेच्या डोक्यावरची टोपली उतरवून आपल्या कमरेवर घेतली. मग नवऱ्यासमोर करंगळीचं नख धरलं.

"एवढा," ती म्हणाली. "पण शे-दोनशे होते."