माळकऱ्यांची पंगत

त्रेचाळीस साल, वडूजकडची चैत्रातली जत्रा. कुणाला मटण, कुणाला गोडं जेवण, कुणाला उपासाची भगर, सगळं बनुबाईच्या तोंडपाठ. तिचा नवरा नाथाजी चळवळीत पडून सहा महिने फरारी होता. जत्रेच्या गर्दीत तो नवं लेकरू बघायला येणारच, हे हेरून फौजदार बिनबोलावता माळकऱ्यांच्या पंगतीत येऊन बसला.

"मटणाची पंगत तिकडं हाय, सायेब," सासू म्हणाली.

"आज गुरुवार, मावशी. आमी पाळतो."

त्याच्या समोरच नाथाजी बसला होता. मिशा काढलेल्या, गळ्यात माळ, मान पानावर. बनुबाईनं चुकूनही त्याच्याकडं पाहिलं नाही. भरल्या वांग्याचं भगुलं घेऊन ती वाढत वाढत त्याच्यापुढून सरळ निघून गेली. पंगतीच्या टोकाला पोचली तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

फौजदारानं घास तसाच हातात धरला.

"बाई, सगळ्यांच्या पानात वांगं पडलं. ह्या पाव्हण्यांना तेवढं सोसत न्हाई, हे न विचारता कसं कळलं तुमास्नी?"