परक्या हद्दीतले शिपाई

धाकट्या बहिणीचं, मंजुषाचं लग्न झालं त्या साली, म्हणजे १९९८ला, गोकुळने आईबापाला खानदेशातून सिल्वासाला आपल्याकडे आणलं. कारखान्यात त्याचं बरं चाललं होतं. पण सहा महिन्यांत आई, कमळाबाई, वाळून अर्धी झाली. खाल्लेलं अंगी लागेना आणि डॉक्टरांना रोग सापडेना.

एका रविवारी गोकुळ कॉम्प्युटरवर राजेरजवाड्यांच्या लढाईचा खेळ खेळत बसला होता. बाप चिंधा शेजारी बसून पाहत होता.

“आबा, सुरुवातीला आपली हद्द एवढीच, गावाभोवती. पुढचं सगळं परक्याचं.”

हद्द ओलांडलेल्या शिपायांच्या डोक्यावरची जीव दाखवणारी हिरवी रेघ आखूड होत चालली होती.

“यांना मारतंय कोण रे भाऊ?”

“कोणीच नाही. परक्या हद्दीत ते आपोआप झिजतात. आपल्या गावात आणले की पुन्हा भरून येतात.”

चिंधाने मागे वळून पाहिलं. कमळाबाई भिंतीकडे तोंड करून निजली होती. उशाशी ताटातली भाकरी तशीच होती.

“मग हिला नेऊ या की गावी. आखाजीच्या सणाला निंबाला झोके बांधतील, बायका गाणी म्हणतील. तेवढ्यानंही उठून बसेल.”

“आबा, खेळ आहे हा!” गोकुळ हसला. “इथं जवळच किलवणीला आपलं घर बांधतोय, त्याचा स्लॅब होऊ द्या. मग इथंच आपलं गाव.”

बोलता बोलता त्याने शिपाई मागे बोलावले. गावात शिरताच एकेकाची रेघ भरत गेली.

कमळाबाई १९९९ साली, आखाजीच्या आदल्या दिवशी, सिल्वासातच वारली.