गाभुळलेल्या चिंचा

जालन्यातल्या बियाण्यांच्या गोदामात ज्या सुपरवायझरनं बायांना कधी पाणीही विचारलं नव्हतं, तो जेवणाच्या सुट्टीत गाभुळलेल्या चिंचा वाटत आला. साखराबाईच्या मनात पाल चुकचुकली. बाई पोटुशी असल्याचं कळलं की तिला कामावरून काढायची या माणसाची रीत. मागच्या हंगामात द्वारकाबाई अशीच गेली. तोंडाला सुटलेलं पाणी गिळून साखराबाई म्हणाली, "मला नको. दात आंबतेत." बाकीच्या बायांनी मिटक्या मारत चिंचा संपवल्या. सुपरवायझर गालातल्या गालात हसला. "फुकटच्या चिंचेला न्हाई म्हणणारी बाई आजच पाह्यली. कितवा महिना?" साखराबाईला चूक उमगली. मग तिनं त्याच्या हातातली उरलेली चिंच घेतली आणि चोखत म्हणाली, "चौथा. तंटा नको म्हणून लपवत होते, पण कामगार कार्यालयात आधीच बराबर विचारून आले, साहेब. पोटुशी म्हणून काढलं तर कोर्टात खेचता येतं. उद्याबी चिंचा आणा. डोहाळे लपवायचे न्हाईत आता."